मरणाच्या शब्दांतील भिक्षुकशाही

 

मरणापुढे राव आणि रंक सारखे, असे आमचे कीर्तनकार सप्त्यात सांगतात आणि आम्ही माना डोलावितो. परंतु सप्ता उठल्यावर गावात कोणी मेले म्हणजे मग पाहावे. वाड्यातले माणूस गेले तर ते 'कैलासवासी' होते. माळकऱ्याच्या घरचे 'वैकुंठवासी' होते. सावकारास 'देवाज्ञा होते', पुढाऱ्याची 'प्राणज्योत मालवते', बुवा 'देह ठेवितात', मोठे महाराज 'समाधिस्थ' होतात. छापखान्यातून मुसलमान गृहस्थ 'पैगंबरवासी' आणि ख्रिस्ती गृहस्थ 'ख्रिस्तवासी' होऊन बाहेर पडतात. मेल्यानंतरचा हा रहिवासी दाखला कोणत्या कचेरीतून मिळतो, हे आम्हांस अद्याप समजले नाही. आणि गावकुसाबाहेरचा म्हातारा? तो नुसता 'मेला'. त्यास ना कैलास, ना वैकुंठ, ना आदराचे अनेकवचन!

आम्ही पैठण तालुक्यातील एका खेड्यात चौथीचा वर्ग शिकवितो. मागील दिवाळीच्या सुटीनंतर मुलांस 'माझे आजोबा' असा निबंध दिला. दोन मुलांचे आजोबा त्याच पावसाळ्यात गेलेले होते. वाड्यातल्या मुलाने लिहिले, 'माझे आजोबा कैलासवासी झाले.' वस्तीतल्या मुलाने लिहिले, 'माझा आज्या मेला.' आम्ही लाल शाई घेतली. पहिल्याच्या वाक्यावर बरोबरची खूण केली. दुसऱ्याच्या 'आज्या'खाली रेघ मारून 'आजोबा' केले आणि पुढचा 'मेला' तसाच राहू दिला. म्हणजे आज्याचा आजोबा केला, पण मरण त्याचे एकवचनीच ठेविले! वह्या परत मिळाल्यावर ते पोर आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याचे आजोबा कैलासाला गेले. मग माझा आज्या कुठं गेला?"

अध्यापक विद्यालयात आम्ही दोन वर्षे काढली, बालमानसशास्त्राची प्रश्नोत्तरे पाठ केली, वीस वर्षांवर खडू झिजविला; परंतु ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यास जागेवर जाऊन बैस म्हणालो. आज जे लिहीत आहोत ते त्या पोरास उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम हे सांगावयाचे की, मरणासाठी कष्टकरी लोकांनी आपले स्वतःचे शब्द केलेले आहेत आणि त्यांत उंचनीच नाही. आमच्या मुलखात कोणाच्या प्रेतयात्रेस जाऊन आलेला मनुष्य 'मातीला गेलो होतो' असे म्हणतो. जाळो की पुरो, शेवट माती. एका शब्दात सारे वेदान्त आले. तिरडी वाहणे म्हणजे 'खांदा देणे', आणि खांद्यास जात विचारीत नाहीत, बळ विचारतात. वाटेत तिरडी टेकवितात तो 'विसावा'. तिसऱ्या दिवशी राख गोळा करणे म्हणजे 'सावडणे'. आणि सर्वांत सरळ शब्द तलाठ्याच्या दप्तरातला 'मयत'. हा अरबीतून आला, दक्षिणेत रुळला, आणि आज शेतकऱ्याच्या तोंडी मराठीच झाला आहे. पाटील मेला तरी फेरफारात 'मयत', मांग मेला तरी 'मयत', भटजी मेले तरी 'मयत'. सात-बाराच्या उताऱ्यावर कोणी कैलासास गेल्याची नोंद आम्ही पाहिलेली नाही. मग हे कैलास आणि वैकुंठ आमच्या तोंडी आले कोठून?

ज्याच्या हाती सत्ता त्यास मेल्यावरही पदवी हवी असते, हे आमच्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांपुढे नसेल. मोगलांत अशी रीत होती की, बादशहा मेला म्हणजे त्याचे जिवंतपणीचे नाव टाकून त्यास स्वर्गातले ठिकाण जोडून द्यावयाचे. अकबर 'अर्श-आशियानी' झाला, जहांगीर 'जन्नत-मकानी', शहाजहान 'फिरदौस-आशियानी'. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरास मेला आणि त्यास आमच्या जिल्ह्यातील रौझा ह्या गावी पुरले. त्याची मरणोत्तर पदवी 'खुल्द-मकान', म्हणजे अक्षय स्वर्गात ज्याचे घर आहे असा. आणि त्यावरून रौझ्याचे नाव खुलताबाद पडले. त्याची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तीस 'राबिया-उद-दौरानी' ही पदवी मिळाली आणि तिच्यावर बीबी का मकबरा उभा राहिला. परंतु मौज पाहा! खुद्द औरंगजेबाची कबर साधी, वरून उघडी, मातीची. तशी त्याचीच इच्छा होती. त्याच गावी मलिक अंबराचेही थडगे आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ता झाला आणि आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते शहर त्याने खडकी ह्या नावाने वसविले. १६२६ साली तोही मातीस मिळाला. बादशहा आणि एकेकाळचा गुलाम एकाच गावच्या मातीत आहेत, आणि मातीने दोघांस एकच शब्द लाविला आहे.

बादशहा पदवी देई ती निदान फुकट देई. आमच्या घरात शब्द देणारा निराळा आहे, आणि तो मोजून घेतो. 'प्रेत' हा शब्द आपण मढे ह्या अर्थी वापरतो; परंतु शास्त्रात त्याचा अर्थ निराळा. मेलेला मनुष्य सपिंडीकरण होईतो 'प्रेत' असतो. भुकेला, तहानेला, अधांतरी. बाराव्या दिवसाचा तो विधी झाला म्हणजे तो 'पितर' होतो. सारांश, माणूस तोच, फक्त शब्द बदलला. आणि ह्या शब्दबदलाच्या प्रत्येक पायरीस दक्षिणा आहे. वैतरणी ओलांडावयास गोदान, निजावयास शय्यादान, उन्हासाठी छत्री, काट्यांसाठी जोडा, अंधारासाठी दिवा. जन्मभर अनवाणी राबलेल्या आमच्या कुणब्यास मेल्यावर जोडा मिळतो, आणि तो दुसऱ्याच्याच पायात बसतो! शिवाय भयाचे शब्द आहेत ते वेगळेच. 'पंचक लागले', 'त्रिपाद आहे', आता घरात आणखी माणसे जातील, दर्भाचे पुतळे करा, शांती करा! रडणाऱ्या बाईच्या कानात असा शब्द घातला म्हणजे ती गळ्यातले डोरलेदेखील काढून देते. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, त्यात जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या घरातून धर्माच्या नावाने काय काय जाते ह्याचा हिशेब मांडिला आहे. इतक्या वर्षांनी आम्ही गोदाकाठी पैठणास आणि कायगाव टोक्यास दहाव्याचे विधी पाहतो, तेव्हा त्या हिशेबाचे खाते अद्याप बंद झालेले नाही असे दिसते.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही एखाद्या जातीच्या माणसांवर दात ठेवून लिहितो. भिक्षुकशाही ही एक जात नव्हे, ती शिडी आहे. आणि ती आपल्याच माणसासही चावते. मेलेल्याचे विधी करणारा जो गरीब भिक्षुक, त्यास त्याच्याच जातभाईंनी 'किरवंत' म्हणून, 'कारटा' म्हणून दूर लोटिले, त्याच्याशी सोयरीक टाळिली. श्री. प्रेमानंद गज्वी यांनी 'किरवंत' ह्याच नावाने नाटक लिहून ते दुःख रंगभूमीवर आणिले. ज्याच्या तोंडून स्वर्गाचा शब्द घ्यावयाचा, त्याचाच विटाळ मानावयाचा! अशा शब्दाचे मोल ते काय?

आणि हे जाणणारा मनुष्य आमच्याच पैठणास होऊन गेला. एकनाथ महाराजांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाकाचा वास सुटला. दाराशी आलेल्या अस्पृश्य मंडळींस भूक लागली. नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेले अन्न त्यांस पोटभर वाढिले. गावच्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतःच येऊन जेवून गेले, अशी कथा आहे. चमत्कार ज्यास मानावयाचा त्याने मानावा. आम्ही त्यातला अर्थ घेतो. भुकेल्यास घातलेला घास हेच श्राद्ध, हा त्याचा अर्थ. नाथषष्ठीस लाखो लोक पैठणास येतात. परंतु घरी जाऊन नाथांसारखे श्राद्ध घालणारा एक तरी आम्हांस कोणी दाखवावा.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. आपणांस न जाळता मिठात पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. वस्तीत पुरण्यास परवानगी मिळाली नाही म्हणून दहन करावे लागले. टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी तंटा काढिला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरिले आणि त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. बाईमाणसाने मसणात जाऊ नये, ह्या जुन्या शब्दास त्यांनी एका मडक्याने उत्तर दिले. त्यांनी कोणास कैलासवासी केले नाही. जे करावयाचे ते केले.

आता शब्दांच्या दुसऱ्या टोकास काय होते तेही पाहिले पाहिजे. वरच्यांच्या मरणास पदव्या, आणि खालच्यांस त्या मरणाची वेठ. गावात कोणी मेले म्हणजे 'सांगावा' घेऊन उन्हातान्हात गावोगाव धावावे महाराने. सरणाची लाकडे फोडावी त्याने. मेलेले ढोर ओढावे त्याने. आणि मोबदला काय, तर मढ्यावरचे कापड! हलगी वाजवावी मांगाने. आणि एका जमातीस तर 'मसणजोगी' असे नावच पडले. सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत ते आजही आहे. मसणात भीक मागणे हीच ज्यांची ओळख केली, त्यांच्या पोरांनी शाळेत नाव सांगताना मान वर कशी करावी? अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' ह्या कथेतला भीमा खाणीचे काम सुटल्यावर पोटासाठी मढ्यांच्या राखेत सोने चाळतो. त्यास जग मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणेल. आणि त्याच मढ्याच्या नावाने ज्याने आधी सोन्याची मुद्रिका घेतली, त्याच्या घेण्यास 'दान' म्हणेल. शब्दांचा हा न्याय!

परंतु ज्यांच्यावर हा जुलूम झाला त्यांनी काय केले, हे आमच्या कुणबी-मराठा-माळी बांधवांनी डोळे उघडून पाहावे. १९२७ साली महाडास डॉ. आंबेडकरांनी मेलेले ढोर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले; १९२८ साली महार वतनाच्या सुधारणेचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात आणिले. प्रथम काम टाकिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्म बदलला, आणि त्यामागून शब्दही बदलले. आज बौद्ध घरातील मनुष्य वारला म्हणजे पत्रिकेवर 'कालकथित' असे छापतात. श्राद्धाच्या जागी 'पुण्यानुमोदन' आले. कैलासवासीची भीक न मागता त्यांनी आपला शब्द आपण केला. आम्ही मात्र अजून भटजीच्याच शब्दासाठी कर्ज काढतो. मग मागासलेला कोण?

आता आमच्याच अंगणातले सांगतो, कारण दुसऱ्याच्या ताटातली माशी काढणे सोपे असते. आमच्या गावी सरकारी योजनेतून मसणवट्यावर लोखंडी शेड झाले. सिमेंटचा ओटा झाला, हातपंप झाला, कमान झाली आणि कमानीवर मोठ्या अक्षरांत 'वैकुंठधाम' लिहिले. ही अक्षरे कोणा भटजीने लिहविली नाहीत. ठराव आम्हा बहुजनांच्या पंचायतीचा. ज्या पोराच्या निबंधाची गोष्ट वर सांगितली, त्याचा आज्या भर श्रावणात वारला. पाऊस कोसळत होता. त्याची तिरडी वैकुंठधामाच्या वाटेस लागली, तेव्हा चार जाणती माणसे आडवी आली. "तुमची जागा ओढ्याकाठी आहे. चालत आलंय ते चालू द्या." ओढ्याकाठी ना शेड, ना ओटा. चार जणांनी पत्रे धरिले, लाकडे भिजत होती, दोनदा रॉकेल ओतावे लागले, तेव्हा कोठे सरण पेटले. आणि वैकुंठधाम त्या दिवशी रिकामे होते! आम्हीही मातीस गेलो होतो. पत्र्याचा एक कोपरा आम्ही धरिला. तोंड मात्र उघडले नाही. सरकारी नोकरी, परका गाव, चार माणसांत वाईट कशास व्हा, असा विचार केला. त्या मौनाची लाज आज लिहून टाकीत आहोत.

वास्तविक कायदा स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून स्मशान अगर दफनभूमी नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे स्मशानाचा सारखा वापर अडविणे, तसेच दलितांकडून मढी वाहविणे अगर कबरी खणविणे, हेही गुन्हे ठरले. परंतु कमानीखाली आडवे आलेले चार जण कायद्याचा शब्द वाचीत नाहीत. ते कमानीवरचा शब्द वाचतात, आणि वैकुंठात सर्वांस प्रवेश नसतो हे त्यांस लहानपणापासून पाठ आहे. 'गावची स्मशानभूमी' असे लिहिले असते तर गाव म्हणजे कोण, हा प्रश्न तरी विचारिता आला असता.

शब्दाने मेलेल्याचे नुकसान होत नाही, असे म्हणतात. जिवंतांचे किती होते ते पाहा. नवरा मेला की त्याच दिवशी बाईस नवे नाव मिळते. बांगड्या फोडून, कुंकू पुसून तीस 'विधवा' करितात, कागदावर 'गं. भा.' करितात, घरात भांडण झाले म्हणजे 'नवऱ्याला खाल्लेली' म्हणतात. बायको मेलेल्या पुरुषाच्या नावामागे लावावयाचे अक्षर आमच्या भाषेस सुचले नाही! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून ह्या चाली बंद केल्या, आणि सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांस तोच कित्ता घालून दिला. परंतु पुढल्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, विधवेऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे असा विचार मंत्र्यांकडूनच निघाला, आणि चोहोंकडून विरोध झाल्यावर मागे राहिला. बाईस पोटाची, शेताच्या वारसाची, पोरांच्या फीची अडचण. आणि तीस देतात काय, तर नदीचे नाव!

आणि भिक्षुकी आता केवळ शेंडीची राहिली नाही, टेबलाचीही झाली आहे. आमच्या मराठवाड्यात कर्जाने पिचलेला शेतकरी विष घेऊन मरतो. त्याचे प्रकरण समितीपुढे जाते आणि तेथे त्याच्या मरणास शब्द मिळतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. जमीन बापाच्या नावे होती, कर्ज खासगी सावकाराचे होते, कागद पुरा नव्हता, की झाले 'अपात्र'. पूर्वी प्रेताचा पितर करावयास दक्षिणा लागे; आता अपात्राचा पात्र करावयास हेलपाटे लागतात. लेखणी बदलली, ती धरणाराची ऐट बदलली नाही.

कोणी म्हणतील, मास्तर, शब्दांत काय आहे? हे इतर कोणी विचारावे. मराठवाड्याने विचारू नये. येथील विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला, तेव्हा एका नावासाठी घरे जळाली, माणसे मेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईतो साडेपंधरा वर्षे गेली. शहराचे नाव २०२३ साली बदलले, त्यासाठी किती सभा, किती मोर्चे, किती खटले! डिसेंबर २०२० मध्ये सरकारने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचे ठरविले. शब्दांत काही नसते तर हे कशास झाले असते? मग मसणवट्याच्या पाटीपाशीच आम्हांस शब्द क्षुल्लक का वाटू लागतात?

तरी आमची बहुजन समाजास हात जोडून विनंती आहे. पत्रिकेवर, फळ्यावर, पंचायतीच्या नोटिशीत सर्वांस एकच शब्द लावा: 'वारले'. लहान असो, थोर असो, आदराचे अनेकवचन सर्वांस द्या; त्यास खर्च लागत नाही. गावात एकच मसणवटा ठेवा आणि त्यावर गावाचे नाव लिहा. ज्यांच्यात पुरण्याची रीत आहे त्यांच्या जागेसही तोच पाणवठा, तीच वाट द्या. तेराव्याच्या पंगतीसाठी कर्ज काढू नका. तो पैसा मयताच्या पोरांच्या शिक्षणास लावा, म्हणजे नाथांचे श्राद्ध घडेल. नवरा गेलेल्या बाईस तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, आणि सांत्वनाच्या आधी तिची वारसनोंद करून द्या. भय घालणारा शब्द कोणी उच्चारिला, तर तो कोणत्या भावाने विकतोस, असे त्यास सर्वांदेखत विचारा.

आमच्यापुरते आम्ही एवढे केले आहे. त्या दोन्ही वह्या परत मागविल्या. 'कैलासवासी झाले' आणि 'मेला' ह्या दोहोंवर काट मारून दोन्ही ठिकाणी 'वारले' असे लिहिले, आणि वर्गापुढे सांगितले की चूक मुलांची नव्हती, मास्तरांची होती. वाड्यातून निरोप आला की गुरुजींनी आमच्या वडिलांचा कैलास काढून घेतला. आम्ही उलट निरोप दिला की काढून काही घेतले नाही. तुमचे वडील आणि ह्या पोराचे आजोबा एकाच गावच्या मातीत गेले, एवढेच लिहिले आहे. खोटे असेल तर दाखवून द्यावे.

पुढल्या ग्रामसभेत कमानीवरच्या पाटीचा प्रश्न आम्ही मांडणार आहो. ह्या वेळी तोंड उघडू. 

आपला,
एक खेडवळ शाळामास्तर, तालुका पैठण